सोन्याच्या पाखरांचा घसा

एकदा काय झालं, एक झाड मुकं झालं.

हसताय काय? झाडं बोलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. दुसरीपर्यंत शाळेत गेलेय मी. पण हे झाड आपल्या परसातलं नव्हतं. सोन्याचं होतं. बुंधा सोन्याचा, पानं सोन्याची आणि फांदीफांदीवर सोन्याची पाखरं. मुक्ते, पाय पांघरुणात घे आधी. बाहेर राहिलेले पाय मांजर घेऊन जातं आणि सकाळी बेडकाचे लावून देतं. हं, अस्सं.

तर हे झाड होतं रूमशामच्या राजाच्या दरबारात. रूमशाम कुठं? लांब. आपल्या कोकणातनं गलबतं निघायची मिरी भरून. मग ती मिरी उंटावर चढायची, वाळू तुडवायची, आणि दमूनभागून जिथं उतरायची ते रूमशाम. त्या राज्याची गंमत काय, तर ते बरोब्बर मधे होतं. मधे म्हणजे कसं? आत्ता तुमच्यात विनू आहे तसं. मुक्तानं पांघरूण ओढलं तरी विनूवरनं जातं, दाद्यानं ओढलं तरी विनूवरनंच.

उगवतीच्या अंगाला होता एक बादशहा. त्याची माणसं जोडे बाहेर काढायची, गालिच्यावर मांडी घालायची, बोटांच्या टोकांनी अलगद जेवायची. मावळतीच्या अंगाला होता दुसरा राजा. त्याची माणसं जोड्यांसकट बाकावर बसायची आणि अख्खी तंगडी धरून दातानं तोडायची. ह्यांना ते रानटी वाटायचे, त्यांना हे नाटकी. समोरासमोर आले की तलवारच बाहेर. म्हणून मग सगळं रूमशाममधनं जायचं, बरं का. रेशीम, साखर, मिरी इकडनं तिकडं. मध, लोकर, लोखंड तिकडनं इकडं. शहराच्या पायाशी समुद्राची एक चिंचोळी पट्टी. पट्टीच्या पल्याड उगवतीचा मुलूख, अल्याड शहर, आणि शहराच्या तटामागं मावळतीची वाट. त्या शहरात शेंबडी पोरंसुद्धा दोन्हीकडच्या बोली बोलायची आणि दोन्हीकडच्या शिव्या द्यायची.

आणि ते झाड? त्याची करामत अशी. उगवतीचा पाहुणा आला की पाखरं त्याला मावळतीची गाणी ऐकवायची. मावळतीचा आला की उगवतीची. ऐकता ऐकता पाहुण्याची मान डोलायला लागायची. मग तो म्हणायचा, हं, म्हणजे तिकडंही अंगाई गातात तर! आणि तलवार म्यानातच राहायची.

आता ऐका. त्या राज्यात एक बाई होती, थेक्ला. राजाची थोरली बहीण. नाकाचा शेंडा जरा वाकडा, कारण लहानपणी त्याच सोन्याच्या झाडावर चढून ती पडली होती. राजाचं नाव होतं पंक्रातिओस. घ्या, म्हणा! जीभ अडकली ना? आपण त्याला पंक्याराजा म्हणू. थेक्ला तेच म्हणायची. त्याला आंघोळी तिनंच घातल्या होत्या.

थेक्लाला एकच लेक होती, कासिया. आणि ती तिच्याजवळ नव्हती.

तिथली रीतच तशी होती. तह झाला की राजघराण्यातलं एक मूल बादशहाच्या घरी राहायला पाठवायचं. त्यानं तिथलं मीठ खायचं, तिथली बोली शिकायची. आपलं मूल ज्या घरी असतं, त्या घरावर आपण दगड मारत नाही, म्हणून. मग पुढं बादशहाचा वजीर त्या मुलाला घेऊन यायचा. आधी दरबारात येऊन पाखरांचं गाणं ऐकायचा. पाखरं गायली म्हणजे तह शाबूत, मूल आईच्या ओटीत. नाही गायली, तर मूल आल्या पावली परत, आणि मागनं लढाई. आणखी एक अट होती. मूल हातात मिळेपर्यंत आईनं त्याचं तोंड बघायचं नाही आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. पंक्याराजाला मूलबाळ नव्हतं, म्हणून कासिया गेली. गेली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.

आता वजीर येणार होता. कासियाला घेऊन. आणि पाखरं मुकी!

कशी मुकी झाली? ते कुणालाच कळत नव्हतं. आधी एक गप्प झालं. मग दुसरं घोगरं झालं. मग सगळ्या झाडाचाच घसा बसला. मी सांगते तुम्हाला, पण तुम्ही थेक्लाला सांगायचं नाही हं. तिला तिचं तिलाच शोधू दे.

पूर्वी वजीर यायचा तेव्हा हातात बोरूची एक मोळी आणायचा. बोरू म्हणजे नदीकाठची पोकळ काडी, टोक कापून तिनं लिहितात. आणि मावळतीचा सरदार यायचा तो मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा आणायचा. जुनी रीत. का आणायचे ते कुणालाच आठवत नव्हतं. पंक्याराजा गादीवर बसला आणि म्हणाला, "हे काय? काड्या आणि मेण? मी रूमशामचा धनी, मला काय झाडू बांधायचाय की फाटके जोडे शिवायचेत?" दरबार खो खो हसला. काड्या गेल्या चुलीत. मेण गेलं खंदकात. आणि हुकूम निघाला, वेशीतनं यापुढं सोनं, जवाहीर आणि रेशीम एवढंच आत येईल. हलकासलका माल बाहेरच्या बाहेर.

आणि त्याच्या सिंहासनाचं सांगायचं राहिलंच की! ते सिंहासन वर जायचं. खरंच. पाहुणा कपाळ जमिनीला टेकायचा, आणि डोकं वर काढतो तर राजा हातभर उंच! खाली तळघरात चामड्याचा भाता होता, लोहाराचा असतो तसा, पण चार रेडे आत मावतील एवढा. पहिलवान तो दाबायचे. वारा नळ्यांतनं वर यायचा. थोडा पाखरांच्या घशात जायचा, थोडा सिंहासनाखालच्या पिशवीत. पंक्याराजाला ते उंच जाणं इतकं आवडलं की हातभराचं पुरुषभर झालं, पुरुषभराचं दोन पुरुष झालं. शेवटी तो छताला टेकला आणि तिथंच राहायला लागला. दुपारचं जेवणसुद्धा दोरीनं वर.

तर त्या दिवशी सकाळी थेक्ला गच्चीवर उभी होती. समुद्रपट्टीच्या पल्याड तंबू लागले होते. एका तंबूशी लाल ओढणी हलत होती. नाचतच होती म्हणा ना. तोंड बघायचं नाही ही अट, पण लांबनं ओढणी बघायला कोण अडवतंय? थेक्लानं मनाशी म्हटलं, आज दिवस मावळायच्या आत ती ओढणी मी माझ्या दांडीवर वाळत घालणार.

मग ती खाली आली, तो दरबारात वेगळाच तमाशा.

वजीर मेहरान आला होता. पिकलेली दाढी, शांत डोळे. मावळतीचा सरदारही त्याच दिवशी येऊन ठेपला होता. त्याचं नाव ओदो. माणूस कसला, केसाळ अस्वलच. दोघांनी एकमेकांकडं पाठ केली होती. आणि झाडामागं पडदा लावला होता. पडद्यामागं कोण? आपले प्रधानजी, हे एवढं पोट! पंक्याराजानं त्यांना सांगितलं होतं, "पाखरं गात नाहीत तर तुम्ही शिट्टी घाला. यांना काय कळतंय!"

मग प्रधानजींनी शिट्टी घातली. पहिली बरी निघाली. दुसरी जरा ओली निघाली. तिसरीला सोन्याची धूळ नाकात गेली आणि असली शिंक आली, की पडदा खाली, प्रधानजी पडद्यावर, आणि एक सोन्याचं पान ओदोच्या दाढीत.

कुणी हसलं नाही. तुम्ही हसताय, पण तिथं कुणी हसलं नाही.

मेहरान वजीर उठला. म्हणाला, "पूर्वी आमच्या काड्यांना हसलात. आज आम्हालाच फसवता? दिवस मावळेपर्यंत थांबतो, ती जुन्या मैत्रीची आण म्हणून. मग मूल परत गेलं समजा."

ओदो गुरगुरला, "मी पण तेवढंच थांबतो. मग तटाला शिड्या लागतील."

दोघं दोन दारांनी गेले. पंक्याराजा छताजवळनं ओरडला, "सोनार बोलवा! पाखरांना आणखी सोनं चढवा! नाही तर सैन्य बोलवा!"

थेक्लानं जोडे काढले, लुगडं खोचलं, लुगडंच म्हणू, मला त्यांच्या घोळाचं नाव येत नाही, आणि चढली झाडावर. सरळ.

"ताई! ताई, लोक बघतायत!" पंक्याराजा वरनं म्हणाला. खरं तर आता ती त्याच्या बरोबरीला आली होती.

"बघू देत. तू गप बस."

तिनं एक पाखरू धरलं आणि मान पिरगळून मुंडी काढली. कट्! सगळ्या दरबारानं डोळे झाकले. थेक्लानं आत डोकावून बघितलं. सोन्याच्या आत सोनं असेल असं वाटलं होतं तिला. पण घशात काय होतं? एक बोरूची काडी. वाळून चिरलेली. आणि ती काडी ज्यानं बसवली होती ते मेण, भुगा झालेलं. तिनं दुसऱ्या पाखराची मुंडी काढली, तिथंही तेच. तिसऱ्याची काढली, तेच.

मुक्ते, जत्रेतली पिपाणी तू फोडून बघितली होतीस ना? आत काडीच निघाली होती की नाही? आणि गारुड्याची पुंगी कशानं जोडलेली असते? मेणानं. तसंच हे.

थेक्ला फांदीवर बसूनच राहिली क्षणभर. सोनं तेवढं रूमशामचं. घसा उगवतीचा. आणि घसा जागेवर धरणारं मेण मावळतीचं. रूमशामनं काय केलं होतं? दोन्ही नीट चिकटवलं होतं. एवढंच. पण ते एवढंच करायला कुणीतरी मधे लागतंच ना!

मग ती खाली उतरली आणि म्हणाली, "मी बोरू मागून आणते. आणि मेण मागून आणते."

"मागून?" पंक्याराजाचा आवाज चिरकला. "रूमशामचं घराणं कुणापुढं हात पसरत नाही! आपण द्या म्हणत नाही, आणा म्हणतो."

"तू आणा म्हण. मी द्या म्हणते," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

आधी ती होडीनं पल्याड गेली. मेहरान वजीर गालिच्यावर बसला होता. थेक्लानं जोडे बाहेर काढले, मांडी घातली आणि सरळ सांगितलं, "वजीरसाहेब, मला बोरू द्या."

"तुमच्याकडं काड्या चुलीत घालतात असं ऐकून आहे."

"घातल्या. आता चूक कळलीय, म्हणून मी मागायला आलेय."

वजीर म्हणाला, "बाईसाहेब, माझ्या कारकुनांचे बोरू त्या टोकाच्या तंबूत टांगलेत. तुम्ही स्वतः जाऊन घ्या. पण त्या वाटेवर तुमची लेक बसलीय. अट ठाऊक आहे ना? मान वळली, शब्द निघाला, तर तह मोडला."

थेक्ला उठली. मान खाली घातली, पायाची बोटं बघत चालायला लागली. वाळू दिसत होती. मग गालिच्याची कड दिसली. मग दोन पाय दिसले, मेंदी लावलेले. केवढे मोठे झाले होते ते पाय! गेली तेव्हा तिचा जोडा थेक्लाच्या तळव्यावर मावत होता. आता तोंड कसं दिसत असेल? नाक कुणावर गेलं असेल? मानेला कुणीतरी दोरी बांधून ओढतंय असं झालं तिला. पण ती चालत राहिली.

आणि पाठीत टप्पकन काहीतरी लागलं.

काय असेल? खजुराची बी! घरी असताना कासियाचा हाच धंदा होता. खजूर खायचा आणि बी आईच्या पाठीत मारायची. आई वळली की भोळं तोंड करून म्हणायची, मी नाही. बोलायचं नाही अशी अट होती ना? बी मारायची नाही असं कुठं म्हटलं होतं?

थेक्लाला हसू फुटत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम. पण मान वळली नाही. तिनं नुसती पायाच्या बोटांत ती बी पकडली, चालता चालता उचलली आणि मुठीत घेतली. तंबूतनं बोरूंची मोळी काढली आणि तशीच मान खाली घालून परत आली.

मेहरान वजीर दारात उभा होता. पहिल्यांदाच जरा हसला. म्हणाला, "न्या. माझा कारकून पण न्या बरोबर. बोरू कापायला त्याच्यासारखा हात नाही. आणि आपले बोरू सोडून तो राहायचाही नाही."

मग थेक्ला मावळतीच्या छावणीत गेली. तिथं धूर, कुत्री, आणि बाकांवर दणादण चाललेलं जेवण. "सरदार, मला मेण द्या," ती म्हणाली.

ओदो म्हणाला, "आधी जेव. उपाशी माणसाशी आम्ही बोलत नाही." आणि तिच्यापुढं अख्खं हंस पक्ष्याचं भाजलेलं धूड ठेवलं. रूमशाममधे मोठ्या घरचे लोक तेव्हा दोन दातांच्या चांदीच्या काट्यानं जेवायचे. थेक्लानं कमरेचा काटा काढला.

"हे काय?" ओदो गरजला. "जेवतेस की नांगरतेस?" सगळी छावणी बाकावर थापा मारून हसायला लागली. "मऊ हातांचे लोक! तोंडापर्यंत हात न्यायची पण ताकद नाही!"

थेक्लाला राग आला का? आला तर. कान लाल झाले. पण तिला राग नको होता, मेण हवं होतं. तिनं काटा ओदोच्याच हातात दिला आणि म्हणाली, "बघा बरं तुम्हाला जमतोय का." ओदोनं तुकडा टोचला, तोंडाकडं नेला आणि ओठच टोचून घेतला. "आई गं!" अस्वलासारखा माणूस आई गं म्हणाला! तोवर थेक्लानं हंसाची तंगडी दोन्ही हातांनी धरून दातानं तोडली होती. तूप कोपरापर्यंत ओघळत होतं.

ओदो ओठ चोखत बघत राहिला. "बाई चिवट आहेस," तो म्हणाला. "मेण माझ्या देवापुढच्या मेणबत्त्यांत आहे. तेवढंच आहे. ते दिलं तर माझा देव अंधारात बसेल."

"बसू दे एक दिवस. पाखरं गायली की मी तुमच्या देवापुढं माझ्या घरचं तेल लावीन. नाही गायली, तर तुम्ही तटावर शिड्या लावा, मी धरते खालनं."

ओदोनं मेणबत्त्या दिल्या. आणि मेण नीट वितळवायला त्याचा मेणबत्तीवालाही दिला.

मग दरबारात झाडाखाली काय दृश्य म्हणता! एका अंगाला गालिच्यावर मांडी घालून कारकून. दुसऱ्या अंगाला तिपाईवर जोड्यांसकट मेणबत्तीवाला. एकमेकांकडं बघायला तयार नाहीत. आणि मधे पायरीवर थेक्ला. इकडं हात केला की काडी. तिकडं हात केला की मेण. बोटं भाजत होती, ती फुंकत होती आणि बसवत होती. थोड्या वेळानं कारकुनाला वाटलं मेण जरा जास्त पातळ होतंय. तो थेक्लाला म्हणाला, "त्याला सांगा, दाट ठेव." तिनं सांगितलं. मेणबत्तीवाला म्हणाला, "त्याला सांगा, काडी जरा बारीक काप." तिनं सांगितलं. मग पुढं पुढं ते तिच्याकडं न बघता बोटांनीच एकमेकांना दाखवायला लागले, असं नव्हे, अस्सं. थेक्लानं ओठ मिटून घेतले. हसली असती तर दोघं लाजले असते ना!

दिवस कलला. वजीर आला. ओदो आला. पाखरांच्या मुंड्या जागेवर बसल्या. थेक्लानं तळघरात आवाज दिला. पहिलवानांनी भाता दाबला. आणि...

काहीच नाही.

नुसतं फ्फ्फ् झालं. बाळाच्या दुपट्यातनं येतो तसा आवाज.

खिडकीतनं पल्याड लाल ओढणी दिसत होती आणि तिच्याशेजारी माणसं तंबू गुंडाळत होती. बोरू बरोबर होता. मेण बरोबर होतं. मग अडलं कुठं? तिनं नळीला कान लावला. वारा येत होता. येत होता आणि झाडापाशी न थांबता पुढं जात होता. कुठं जात होता? तिनं मान वर केली. छताला टेकून पंक्याराजा बसला होता, खाली पाय सोडून.

सगळा वारा त्याच्या बुडाखाली!

"पंक्या, खाली उतर," थेक्ला म्हणाली.

"नाही."

"पंक्या, खाली उतर. वारा पाखरांना लागतोय."

"ताई, दोघं परके समोर उभे आहेत. मी खाली आलो तर मला राजा कोण म्हणेल?"

"पंक्या, माझ्या लेकीला परत न्यायची तयारी चाललीय. शेवटचं सांगते."

पंक्याराजानं हाताची घडी घातली आणि तोंड फिरवलं. लहानपणी आंघोळीला चल म्हटलं की फिरवायचा तस्सं.

मग थेक्ला सिंहासनामागं गेली. तिथं चामड्याच्या पिशवीला एक लाकडी खुंटी होती. तिनं दोन्ही हातांनी धरली, पाय भिंतीला लावला आणि ओढली.

फुस्स्स्स्स!

आणि रूमशामचा धनी, समुद्राचा मालक, उगवती-मावळतीचा राखणदार, भुईमुगाच्या पोत्यासारखा हलत डुलत खाली आला. मुकुट नाकापर्यंत उतरला. पाय आधी एकदा वर गेले, मग खाली आले. शेवटी सिंहासन जमिनीला टेकलं आणि त्यातनं एक छोटासा, अगदी छोटासा आवाज निघाला. कसला ते तुम्हाला ठाऊक आहे. दाद्या, करून दाखवू नकोस!

मग मेहरान वजिराची दाढी हलायला लागली. ओदोचं पोट हलायला लागलं. आणि दोघं एकदमच फुटले. असले हसले, असले हसले, की वजिराला आधार पाहिजे होता म्हणून त्यानं ओदोचा खांदा धरला. जन्मात पहिल्यांदा. ओदोलाही काही वाटलं नाही, कारण तो वजिराच्या बाहीनं डोळे पुसत होता.

आणि त्या हसण्यात कुठनं तरी बारीक आवाज आला. टुई.

सगळे थांबले.

सगळ्यात खालच्या फांदीवरचं पाखरू. टुई, टुई. मग वरचं. मग शेजारचं. वारा सुटला झाडातनं, आणि अख्खं झाड गायला लागलं! उगवतीची अंगाई ओदोच्या कानात, मावळतीची अंगाई वजिराच्या कानात. पण नवे घसे होते ना, जरा घोटाळा झाला. मधेच दोन्ही गाणी एकमेकांत शिरली. उगवतीची ओळ आणि मावळतीचा ठेका. असलं गाणं कुणीच ऐकलं नव्हतं. वजीर मान डोलवत होता, ओदो जोडा आपटत होता. आणि पंक्याराजा मुकुट वर सारून, जमिनीवर बसून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. इतके दिवस छताशी बसून त्याला गाणं कधी नीट ऐकूच आलं नव्हतं, बरं का.

वजिरानं खिडकीतनं रुमाल हलवला. पल्याडनं होडी सुटली.

थेक्ला पळत सुटली. पायऱ्या, घाट, पाणी. गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. आणि आता तिनं मान वर केली. बघितलं. नाक तिच्यावरच गेलं होतं, शेंड्याशी जरा वाकडं. कारण ती पोरगी पण तिकडं कुठल्या तरी झाडावरनं पडली होती.

थेक्लानं मूठ उघडली. दिवसभर काटा धरला, तंगडी धरली, मेण धरलं, खुंटी ओढली, आणि पुन्हा पुन्हा ती बी कनवटीतनं काढून मुठीत घेतली होती. तळव्यावर खजुराची बी.

"ही कुणी मारली गं?"

कासियानं भोळं तोंड केलं. म्हणाली, "मी नाही."

आणि मग दोघी पाण्यातच बसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडून.

पुढं काय? पुढं लाल ओढणी थेक्लाच्या दांडीवर वाळली. ओदोच्या देवापुढं रूमशामचं तेल जळलं. वजीर येताना बोरूची मोळी आणायला लागला, सरदार मेणाचा गोळा, आणि पंक्याराजा ते दोन्ही हातांनी घ्यायचा, उभा राहून. सिंहासन काही पुन्हा पाटापेक्षा उंच झालं नाही. खुंटी थेक्लाच्या उशाखाली होती ना! आणि ओदो? तो जाताना चांदीचा काटा ढापून गेला. आता पाठ खाजवायला वापरतो म्हणतात.

झाली गोष्ट. ते तिथं सुखात झोपलेत, तुम्ही इथं झोपा. विनू, पांघरूण तू धरून ठेव मधे. आणि माझ्या पाठीत आत्ता चिंचोका कुणी मारला रे?

कुणी नाही? बरं, बरं. मिटा डोळे.